जेरीकॅन, भाजणी आणि चौदा दिवस

प्रिय मावशी,
प्रभूमध्ये सलाम. मी नगरची, वय २४, एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. येत्या नोव्हेंबरात आमच्या चर्चच्या मंडळीतले नऊ जण चौदा दिवसांच्या मिशन ट्रिपला युगांडात चाललो आहोत. कंपालाच्या पुढे मुकोनोच्या बाजूला एक खेडं आहे, तिथल्या कुटुंबांत राहायचं आहे. माहितीपत्रकात ‘सेवा, सुवार्ता, साक्ष’ असं छापलंय, पण दिवस कसा जातो ते कुणी सांगत नाही. अंघोळ कुठे, जेवण काय, मी नक्की काय करायचं? साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायचं, म्हटलं की माझे हातपाय गार पडतात. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही. पप्पा म्हणतात, तिकिटाचे पैसे त्या मंडळीला पाठवले असते तर जास्त उपयोग झाला असता. आई रोज बॅगेत काहीतरी भरते. काल थालिपिठाची भाजणी भरली, चार किलो. काय करू?
— बॅग भरणारी, नगर

पोरी, सलाम.

अंघोळीचं विचारलंस ते बरं केलंस. तिथूनच सुरुवात करू.

मी २००९ साली पहिल्यांदा युगांडात गेले. तेव्हा माझी नोकरी चालू होती, रजा टाकून गेले होते. ज्या घरी उतरले तिथली बाई रोज सकाळी परसातल्या आडोशाला एक पिवळा जेरीकॅन आणि प्लास्टिकचं घमेलं ठेवायची. कॅन वीस लिटरचा. मला वाटलं, बादलीभर पाणी, त्यात काय चैन! चार दिवस डोक्यावरून भसाभसा ओतून घेतलं. एकदा केससुद्धा धुतले. पाचव्या दिवशी पहाटे जाग आली म्हणून बाहेर आले, तर त्यांचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा सायकल ढकलत चढ चढत होता. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी दोन जेरीकॅन बांधलेले, तिसरा दांडीला अडकवलेला. सदरा पाठीला चिकटला होता. त्या तिघांतला एक माझा. आणि हे पोर त्यानंतर आवरून शाळेत जाणार होतं.

मला बहात्तरचा दुष्काळ आठवला. मी तेरा वर्षांची होते. आम्ही दीड कोसावरून कळशीने पाणी आणायचो, आणि पाहुणा आला की आई त्याच्यापुढे भरलेली बादली ठेवायची. त्या पाहुण्याचा मला कसला राग यायचा! आणि आता तो पाहुणा मी होते.

तेव्हा तू गेल्यावर पहिली चौकशी ही कर, की पाणी कुठून येतं आणि कोण आणतं. घमेल्यात पाच-सहा लिटर घे, मग्याने अंघोळ कर, उरलेलं पाणी टाकून न देता तसंच ठेव. नगर जिल्ह्यातल्या मुलीला टँकरचं पाणी पुरवून वापरणं शिकवायला नको, पण पाहुणी म्हणून गेलं की माणूस घरचं शहाणपण विसरतं, हे मी स्वतःवरून सांगते. संडास बहुधा खड्ड्याचा असेल, घरापासून थोडा लांब. बॅटरी आणि कागद जवळ ठेव. पाळीचं सामान इथूनच पुरेसं ने आणि वापरलेलं कुठे टाकायचं ते यजमानीणबाईंना पहिल्याच दिवशी विचार. लाजू नकोस, नर्स आहेस.

अंथरुणाची गोष्ट याहून अवघड आहे. तुला खोली देतील, पलंग देतील, वर मच्छरदाणी लावतील. तो पलंग कुणाचा, हे कुणी सांगणार नाही. मला सहाव्या रात्री कळलं. घरात उंदरांचा खुडबुडाट झाला म्हणून बॅटरी घेऊन उठले, तर स्वयंपाकाच्या खोपटात चटईवर त्यांच्या तिन्ही मुली ओळीने झोपलेल्या. मी सकाळी रडवेली होऊन म्हटलं, मी खाली झोपते. यजमानीणबाईंचा चेहरा उतरला. मी त्यांचा अपमान केला होता. तिथल्या पाळकसाहेबांच्या पत्नीने मग मला बाजूला घेऊन समजावलं, की पाहुणा जमिनीवर झोपला ही गोष्ट गावात वर्षभर बोलली जाईल. तेव्हा पलंग नाकारू नकोस. मात्र आधीच तुमच्या प्रमुखांमार्फत विचार, की प्रत्येक घरात एकच पाहुणी ठेवता येईल का, आणि घराच्या खर्चाचे पैसे मंडळीकडे आधी पोहोचलेत का. चौदा दिवस पाहुणीला मांस-मच्छी वाढणं तुझ्या घराला परवडेल का? त्यांनाही नाही परवडत, पण ते बोलून दाखवणार नाहीत.

लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू सत्तर जणांना गावोगाव पाठवतो ना, तो भाग पुन्हा वाच. आपण तिथे पीक फार आणि कामकरी थोडे एवढंच वाचतो. त्यापुढच्या सूचना मला तरी अगदी प्रवासाला निघालेल्या माणसाला आईने कराव्यात तशा वाटतात. पिशवी घेऊ नका, एकाच घरात राहा, घरं बदलत हिंडू नका, पुढ्यात येईल ते खा. त्यात ‘त्यांना शिकवा’च्या आधी ‘त्यांचं खा’ येतं, हे माझ्या लक्षात यायला पन्नास वर्षं जावी लागली.

आता खाण्याचं. मटोके म्हणजे हिरवी केळी, सोलून केळीच्याच पानात गुंडाळून वाफवलेली आणि मग दाबून लगदा केलेली. चवीला उकडलेल्या बटाट्याच्या जवळ. पोशो म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. जोडीला घेवड्याच्या दाण्यांचं कालवण, नाहीतर शेंगदाण्याच्या कुटाची गुलाबी रंगाची पातळ आमटी. ही आमटी तुला आवडेल, शेंगदाणा म्हटल्यावर आपल्याला परकं काय वाटणार? तिखट मात्र कशातच नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी जिभेला हिरव्या मिरचीची आठवण छळायला लागते. रात्रीचं जेवण उशिरा, नऊ वाजल्यानंतरच, आणि तोवर पोटात कावळे ओरडतात, म्हणून चार वाजता मिळेल ते खाऊन घे. नोव्हेंबर म्हणजे पावसाळा, म्हणजे न्सेनेनेचा मोसम. हे हिरवे नाकतोडे. पंख-पाय काढून कांदा-मीठ घालून भाजतात, पोरं रस्त्यावर डब्यातून विकतात. जवळा खातेस ना? डोळे मिटून तोंडात टाकलास तर फरक कळायचा नाही. मी पहिला डोळे मिटून खाल्ला, दुसरा उघडे ठेवून, आणि मग मूठभर.

आणि चपाती. तिथे चपाती आहे, याच नावाने, रस्त्याच्या कडेला मोठ्या तव्यावर तेल सोडून भाजलेली. आपली लोकं घेऊन गेली, त्यांनी आपलीशी केली. अंड्याचं ऑम्लेट चपातीत गुंडाळलं की त्याला रोलेक्स म्हणतात. ‘रोल्ड एग्ज’चं बोलता बोलता रोलेक्स झालं. असे आपले शब्द तुला सारखे भेटतील. दुकानाला एड्डूका. कच्च्या तांबड्या रस्त्याला मुरम रोड, हा भारतातून गेलेला आपलाच मुरूम. आणि मंडळीतल्या बायका रविवारी जो टोकदार खांद्यांचा, कमरेला रुंद पट्टा बांधलेला झगा घालतात, त्याला गोमेसी म्हणतात. गोमेस नावाच्या गोवेकर शिंप्यावरून हे नाव पडलं, असं तिथे सांगतात. तुझे पंजाबी ड्रेस चालतील, गुडघे झाकलेले असले म्हणजे झालं. रविवारसाठी एक साडी ने. पांढरं काही नेऊ नकोस, तो मुरूम धुऊन निघत नाही.

दिवस कसा जातो? खरं सांगू, बराचसा वाट बघण्यात जातो. सकाळी कोंबड्याबरोबर जाग येते. बाया अंगण झाडत असतात, खराट्याच्या रेघा उमटलेली तांबडी माती बघितली की सडा घातलेल्या ओट्याची आठवण होते. चहा-पाव, प्रार्थना, मग कुणीतरी येणार असतं ते येत नाही. गाडी येणार असते ती चिखलात अडकते. दुपारी आभाळ भरून येतं आणि तासभर असा पाऊस कोसळतो की पत्र्याखाली बोललेलं ऐकू येत नाही. संध्याकाळी सातच्या सुमाराला एकदम अंधार. विषुववृत्त जवळ आहे, बारा महिने दिवस-रात्र जवळजवळ सारखी.

वेळेची तर गंमतच आहे. लुगांडा भाषेत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास. ‘सावा न्या’, म्हणजे चार वाजता उपासना, असं कुणी म्हणालं तर ती सकाळी दहाला असते. मी पहिल्या रविवारी दुपारी चारला तयार होऊन बसले होते, सबंध उपासना चुकली. आणि ती चुकायला नको होती, कारण तीन-साडेतीन तास चालते.

हे वाट बघणं वाया गेलं असं तुमच्या गटातल्या कुणाला तरी वाटणारच. प्रत्येक गटात एक जण घड्याळवाला असतो, एक कायम पोट बिघडलेला असतो आणि एक जण रात्रीच्या बैठकीत रडतो. त्या रिकाम्या वेळात शेंगा सोलायला बस. मटोके सोलायला शीक, चीक हाताला चिकटतो, म्हणून आधी तेल लाव. नमस्कार शीक. सकाळी ‘वासूझे ओत्या’, रात्र कशी गेली? दुपारनंतर ‘ओसीब्ये ओत्या’, दिवस कसा गेला? कुणी काम करत असेल तर ‘ग्येबाले को’, म्हणजे काम करताय, शाबास, आभारी आहे, असं सगळं मिळून. रस्त्याने जाताना झाडणाऱ्या बाईला हे म्हणून बघ, ती खराटा थांबवून हसेल. घाईघाईने ‘हॅलो’ म्हणून कामाचं बोलायला लागणं तिथे उद्धटपणाचं समजतात. आणि एक सांगून ठेवते, घरातली मुलगी गुडघे टेकून तुझ्या हातात पाण्याचा पेला देईल. तू दचकशील. ती त्यांची रीत आहे, वडीलधाऱ्यांना आणि पाहुण्यांना असंच देतात. तिला उठवायला जाऊ नकोस. दोन्ही हातांनी घे आणि ‘वेबाले’ म्हण.

आता तुझ्या कामाचं. माहितीपत्रकात ‘मेडिकल कॅम्प’ लिहिलं असेल. तू नर्स आहेस, पण इथली. तिथे रुग्णाला हात लावायचा तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते, जशी इथे आपल्याला लागते. कुणी म्हणालं, ‘अहो, खेड्यात कोण बघतंय’, तर तू नाही म्हण. नगरच्या एखाद्या खेड्यात परदेशी पोरगी येऊन कुणालाही इंजेक्शन देत सुटली तर तुला चालेल का? तिथल्या दवाखान्यात तिथल्या नर्स आहेत, आणि मलेरिया त्यांच्याइतका तू बघितलेला नाहीस. त्यांना विचार, मी काय करू. मला त्यांनी गोळ्या मोजून कागदी पाकिटांत भरायला बसवलं. दोन दिवस तेच काम. पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढायचे, सकाळची गोळी आणि रात्रीची गोळी, वाचता न येणाऱ्यांसाठी. माझं नाक वर होतं, तीस वर्षांची नोकरी आणि हे काम! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथली सिस्टर म्हणाली, आज पहिल्यांदा मला जेवायला वेळ मिळाला. बस, एवढंच.

पप्पांचं म्हणणं मी धुडकावणार नाही. हिशेबाने ते बरोबर आहेत. नऊ जणांच्या विमानाच्या तिकिटांत तिथल्या मंडळीचं बरंच काही होईल. म्हणून या प्रवासाला ‘सेवा’ म्हणू नकोस, निदान पप्पांसमोर तरी. शिकायला चालले आहे म्हण, ते खरंही आहे आणि त्यांना पटेलही. आणि त्यांच्या पैशाच्या मुद्द्याला पैशानेच उत्तर दे. जाण्याआधी महिनाभर तुझ्या पगारातून काही बाजूला काढ, तुमच्या मंडळीमार्फत रीतसर त्या मंडळीला जाऊ दे, तुझ्या हाताने कुणाच्या खिशात नको. आपल्या घरांतही ही जुनी चर्चा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये नगरला. त्यांचं बरं-वाईट जे काही असेल ते असो, त्यांतले बरेच जण आपली मराठी शिकले, इथेच म्हातारे झाले, त्यांची थडगी आजही आपल्याकडे आहेत. तू चौदा दिवस चालली आहेस. चौदा दिवसांत माणूस कुणाचं भलं करत नाही. ओळख मात्र होते, आणि ओळखीची किंमत पप्पांच्या वहीत मांडता येत नाही, पण माझ्या मते ती शून्य नाही.

तिथे तू कुणाला पहिल्यांदा सुवार्ता सांगायला चाललेली नाहीस, हेही डोक्यात पक्कं असू दे. तिथे दहांतले आठांहून जास्त लोक ख्रिस्ती आहेत. अँग्लिकन मिशनरी तिथे १८७७ मध्ये पोहोचले, कॅथलिक १८७९ मध्ये. म्हणजे वयाने ती मंडळी आपल्या नगरच्या मंडळीपेक्षा धाकटी. पण आठ-दहा वर्षांतच, १८८५ ते १८८७ या काळात, बुगांडाच्या, म्हणजे कंपालाभोवतीच्या राज्याच्या, राजाने पंचेचाळीस जणांना विश्वासासाठी मारलं. त्यांतले कित्येक दरबारातले पोरसवदा हुजरे होते. कंपालाजवळ नामुगोंगोला ३ जूनला त्यांच्या स्मरणासाठी लाखो माणसं जमतात, काही तर दिवसच्या दिवस चालत येतात. वारीच म्हण ना! अशा लोकांपुढे जाऊन ‘येशू तुमच्यावर प्रीती करतो’ हे पाठ केलेलं वाक्य इंग्रजीत म्हणायला मला तरी लाज वाटली.

उलट तेच तुला विचारतील, भारतातही ख्रिस्ती असतात? त्यांच्या डोळ्यासमोरचा मुहिंदी, म्हणजे भारतीय माणूस, दुकानदार असतो नाहीतर कारखान्याचा मालक. आणि वयस्कर माणसं १९७२ ची गोष्ट काढतील. त्या वर्षी इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. मी एका आजोबांना म्हटलं, त्याच वर्षी आमच्याकडे पाऊस पडला नव्हता, मी खडी फोडायच्या कामावर आईबरोबर जायचे. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘आम्हाला वाटायचं सगळे मुहिंदी श्रीमंत असतात.’ त्यानंतर ते मला रोज भेटायला यायचे. कुणी भारतीय मालकाबद्दल कडवट बोललं तर वकिली करू नकोस. ऐकून घे.

आणि हीच तुझी साक्ष. तू म्हणतेस, काही घडलेलं नाही. तिथे बालोकोले म्हणजे ‘तारलेले’ म्हणवणारे लोक आहेत, उभं राहून आयुष्य उलगडून सांगायची त्यांना सवय आहे, आणि ते तुझ्याहून फार चांगलं सांगतात. त्यांच्याशी स्पर्धा करू नकोस. नऊ जणांपैकी आठ जण दारू, आजार आणि चमत्कार सांगतील. तू तीन मिनिटं घे आणि एक दिवस सांग. दवाखान्यातली रात्रपाळी सांग, खाटेवरची ती म्हातारी सांग जिने तुझा हात सोडला नाही, आणि तेव्हा तू काय प्रार्थना केलीस किंवा करू शकली नाहीस ते सांग. वाक्यं छोटी ठेव, कारण दुभाषी असेल. एक वाक्य, मग थांब. विनोद करू नकोस, तो भाषांतरात मरतो आणि दुभाष्याची पंचाईत होते.

गाणं म्हणायला सांगतीलच. कृपा करून इंग्रजी कोरस म्हणू नका, ते लोक तुमच्याहून शंभर पटीने सुरेल म्हणतात, चार आवाजांत, ढोलावर. टाळ घेऊन जा. मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत नको. नारायण वामन टिळकांचं एखादं भजन अभंगाच्या चालीवर म्हणा. आम्ही म्हटलं तेव्हा दुसऱ्या कडव्याला सगळी मंडळी उभी राहून टाळ्या धरत होती, शब्द एकही कळत नसताना. उपासना संपल्यावर बायका टाळ हातात घेऊन वाजवून बघत होत्या. जोडी तिथेच राहिली.

दानार्पणात लोक अंडी, ऊस, केळीचे घड, कोंबड्या आणतात आणि नंतर त्यांचा लिलाव होतो, आपल्याकडे हार्वेस्टला, म्हणजे चर्चच्या पिकाच्या सणाला, होतो तसा. पाहुण्यांनी बोली लावावी अशी अपेक्षा असते. लाव, पण बेताने. मी उत्साहात एका कोंबड्यावर चौपट बोली लावली, टाळ्या पडल्या. शेजारचे एक आजोबा बोली लावता लावता गप्प झाले. त्यांना तो कोंबडा खरोखर हवा होता.

पोरांचे फोटो पहिले तीन दिवस काढूच नकोस. नंतर काढलेस तर त्या पोराच्या आईला विचारून, आणि नागडं-उघडं, शेंबडं पोर तुझ्या स्टेटसवर दिसता कामा नये. पेन-चॉकलेटं वाटायला नेऊ नकोस. दहा पेनं आणि चाळीस पोरं म्हणजे मारामारी. काही द्यायचंच असेल तर शाळेच्या बाईंच्या हातात दे. आणि ‘मी परत येईन’ हे कुणालाच म्हणू नकोस. मी एका मुलीला म्हटलं होतं. २०१४ मध्ये दुसऱ्या एका गावी गेले, तर तिला कुठून तरी कळलं, आणि ती बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, दोन तास बसून आली. वयाने मोठी झाली होती, कडेवर बाळ होतं. म्हणाली, ‘तू म्हणालीस म्हणून मी वाट बघितली.’ मला काय बोलावं सुचेना.

तब्येतीचं थोडक्यात, कारण तुला कळतं. यलो फिव्हरची लस सरकारमान्य ठरावीक केंद्रांतच मिळते. निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घे आणि पिवळं कार्ड पासपोर्टला चिकटल्यासारखं सांभाळ. ते नसेल तर परतताना आपलंच सरकार सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतं. एकदा घेतलेली आयुष्यभर चालते. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून सुरू कर, आणि परत आल्यावरही जितके दिवस सांगितलंय तितके घे. बहुतेक लोक मुंबईला उतरले की सोडून देतात. नंतर दोन-तीन महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य ‘मी युगांडात होते’ हे सांग. तिथला मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम, म्हणजे सगळ्यांत घातक जातीचा, तो दोन दिवससुद्धा वाट बघत नाही. व्हिक्टोरिया सरोवर जवळ आहे, गटातली मुलं पोहायला उतरतील, तू उतरू नकोस. त्या पाण्यात बिलहार्झिया या कृमींच्या रोगाची लागण होते. व्हिसाच्या अर्जावर आणि विमानतळावर कशासाठी आलात ते खरं सांगा, काय लिहायचं ते तिथल्या मंडळीला आधी विचारा. प्लग इंग्लंडसारखे तीन चौकोनी पिनांचे असतात. एका रुपयाला साधारण चाळीस शिलिंग, त्यामुळे हजारांच्या नोटा बघून दचकू नकोस.

आईला रोज फोन करायचं कबूल करू नकोस, लाईट जाते, रेंज जाते, आणि मग ती रात्रभर जागते. एक दिवसाआड ठरव. आपण अडीच तास पुढे आहोत, तिथे सात वाजले की इथे साडेनऊ. चुकला तर काळजी करायची नाही, हे तिच्याकडून वदवून घे. ती ऐकणार नाही, पण वदवून घे.

राहिली भाजणी. ती ने. घट्ट बंद पिशवीत, मोठ्या बॅगेत. सात-आठ दिवस झाले, घरात तुझी भीड चेपली, की एक संध्याकाळ स्वयंपाकाच्या खोपटात बसून थालीपीठ लाव. कांदा-कोथिंबीर तिथे मिळते, हिरवी मिरची शोधावी लागेल. पोरांसाठी एक बिनतिखटाचं वेगळं लाव. तीन दगडांच्या चुलीवर तवा बसवताना तुझी धांदल उडेल, आणि चौदा दिवसांत पहिल्यांदा यजमानीणबाई तुला शिकवता शिकवता पोट धरून हसतील. माझ्या बाई हसल्या होत्या. पण चार किलो फार होते. आईला सांग, दीड किलो पुरे, त्या जागी टाळ बसतील.

— तुझी मावशी